एकच कोट

गंगावेशीत आमचा स्टुडिओ होता.
मागं पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस,
त्यातल्या एकाची चोच उंदरानं खाल्लेली,
आणि खिळ्याला कोट. काळा म्हणायचा.
उन्हात नेला की जांभळा व्हायचा.
डाव्या खिशाची शिवण उसवलेली,
म्हणून वडील सगळ्यांना सांगत,
डावा खांदा जरा मागं घ्या, पाव्हणं.

हिंदुराव जरग गोठ्यातनं उठून आले
आणि तो घालून बसले.
बाबासो मोमीन बसले; त्यांना बाह्या एवढ्या तोकड्या
की मनगटं झाकायला मांडीवर फुलदाणी दिली.
ज्यांना येऊन बसणं आता शक्य नव्हतं
त्यांचं डोकं घरचे आणत,
वरातीच्या फोटोतून कात्रीनं कापलेलं, पाकिटात घालून.
वडील ते कोटाच्या कॉलरवर बसवत,
मानेचा सांधा बारीक ब्रशनं बुजवत.
ब्रश ओठांनी टोकदार करता करता
त्यांची जीभ कायम करडी असायची.

पूर आला तेव्हा लोकांनी माळ्यावर
ज्वारीच्या आधी फोटो चढवले.
तरी भिजले. पाणी ओसरल्यावर माझ्याकडं घेऊन आले,
तुम्ही फोटूमास्तरांच्या न्हवं, तुम्हीच बघा.
मी फ्रेमा खोलल्या, गाळ पुसला,
कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावले एकोणीस जण.
वारं सुटलं आणि दिसलं:
एकोणीस वेळा तोच कोट हलत होता.
अख्खी पेठ एका उसवलेल्या खिशाची वारसदार.

केरबा निगवेकरांचा नातू आला.
म्हणाला, आमचं आजोबा लई रुबाबदार,
कोटाशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल न्हाई टाकलं कधी.
आत्या सांगती. बाबा बी सांगायचे.
गुळाच्या सौद्यात म्हणं लोक उठून उभं ऱ्हायचे.

मला केरबा आठवतात ते बंडीत.
ढेपा वाहून थेट आलेले,
पाठीला गुळाचा चिकटा, त्यावर पोत्याचे धागे.
मला एक खडा दिला, तो मुठीतच पाघळला.
मानेवर ओझ्याचा घट्टा, लिंबाएवढा.
वडिलांनी तो फोटोत घालवला,
आठ आणे जादा घेऊन.

पण खरंच आठवतात का मला ते बंडीत?
की कोट खोटा म्हणून
मीच दुसरा फोटो काढून ठेवलाय
इतक्या वर्षांत, आतल्या आत?

पाण्यानं ब्रशचं काम तेवढं धुतलं.
घट्टा परत आलाय, कॉलरच्या वर, जिथल्या तिथं.
आणि फ्रेमच्या पट्टीखाली चाळीस वर्षं दडलेली
कडेला चार बोटं,
पांढऱ्या चादरीचा काठ धरलेली.

आई.
खिडकीचं ऊन चादरीवर झेलून
गिऱ्हाइकाच्या तोंडावर टाकायची, श्वास धरून.
तिचा फोटो एकही नाही.
ऱ्हाऊ दे, फिल्म वाया जाती, म्हणायची.
करंगळीशेजारच्या बोटावर तव्याचा चटका.
तो मी विसरले होते.

नातू वाकून बघतो.
ह्यो मानेवरचा डाग पुराचा, एवढा घालवा.
आणि ही कडंची बोटं कुणाची काय, कापून टाका.
दुकानात लावायचाय, मोठा, रंगीत.
कोटाला कुठला रंग, ते तुम्हीच ठरवा.

म्हटलं, बेस्तरवारी या.
त्यानं शंभराच्या दोन नोटा टेबलावर ठेवल्या,
वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर फुलदाणी.
बाबासो मोमीनांची.